सीमाभागातल्या खेड्यात नव्याने आलात? गाव, पंचायत आणि दप्तर ओळखून घ्यायची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या खेड्यांत दरवर्षी बरीच माणसं नव्याने राहायला येतात. चंदगड-गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेल्या सुना, पुण्या-मुंबईची नोकरी संपवून वडिलोपार्जित घरी परतलेले, बदलीवरचे शिक्षक, शहरालगत घर बांधणारे. माणसं मराठी, बाजार मराठी, देवळातलं गाऱ्हाणं मराठी. त्यामुळे सुरुवातीला सगळं ओळखीचंच वाटतं. गाडी अडते ती पहिला दाखला काढायला गेल्यावर. कायदा कर्नाटकाचा, कागद कन्नडमधला, आणि महाराष्ट्रात पाठ झालेलं सरपंच-ग्रामसेवक-सातबारा इथे कामाला येत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातून खानापूर तालुक्यात सून म्हणून आले. "तू शिकलेली, तूच बघ" असं म्हणत घरातली कागदपत्रांची पेटी माझ्याकडे सरकवण्यात आली. त्या पेटीने जे शिकवलं ते क्रमाने लिहिते.

आधी हे जमवून ठेवा

- आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स. तिन्हींवरचं नाव आणि गावाचं स्पेलिंग जुळतं का, ते घरीच बघून घ्या
- शेतीचा चालू उतारा (आरटीसी) आणि मिळतील तितके जुने उतारे
- घराचा उतारा आणि घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिलाच्या पावत्या
- घरात कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला
- आजोबा-पणजोबांच्या नावाचे जुने कागद, मोडीतले असले तरी. रद्दीत घालू नका
- फोनवर दिशांक (उभं आहोत तिथला सर्व्हे नंबर दाखवणारं) हे ॲप
- एक जाड वही

१. तुमची गावं किती, ते आधी ठरवा

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. एकाच नावाखाली इथे तीन गावं नांदतात.

पहिलं महसुली गाव. त्याला नकाशा असतो, शीव असते, सर्व्हे नंबर असतात. शेतीचा उतारा या गावाच्या नावाने निघतो. तुम्ही राहता ती वाडी वेगळ्या नावाने ओळखली जात असेल, पण तिला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नसेल तर उताऱ्यावर मूळ गावाचंच नाव येणार. संगणकावर वाडीचं नाव शोधत बसलात तर दिवस जाईल.

दुसरं पंचायतीचं गाव. कर्नाटकात बहुतेक ठिकाणी दोन-चार किंवा त्याहून जास्त गावं मिळून एक ग्रामपंचायत असते. कार्यालय त्यांतल्या एका गावात, बहुधा रस्त्यावरच्या. आमच्याकडे, म्हणजे खानापूरच्या पश्चिमेला, वस्त्या लहान आणि लांब लांब असल्यामुळे कार्यालय बरंच दूर पडू शकतं.

तिसरं गावकीचं गाव. याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नाही. देवस्थानची पंच कमिटी, यात्रा, मानकरी, वार पाळणूक (ठरलेल्या वारी शेतकामं बंद ठेवणं) हा सगळा कारभार या गावाचा. त्याची शीव देवाची, आणि ती महसुली शिवेला जुळेलच असं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून काढा: वाडी किंवा गल्ली, महसुली गाव, ग्रामपंचायत, होबळी, तालुका, पोस्ट आणि पिनकोड. होबळी म्हणजे तालुक्याच्या खालचा महसुली गट. खानापूर तालुक्यात जांबोटी, बेळगाव तालुक्यात काकती ही होबळीची ठिकाणं. होबळी माहीत नसेल तर ऑनलाइन उतारा निघत नाही, कारण जिल्हा आणि तालुक्यानंतर संगणक तेच विचारतो.

दोन सापळे आहेत. पहिला जुळ्या नावांचा. बेळगावला खेटून कंग्राळी बी.के. आणि कंग्राळी के.एच. आहेत, म्हणजे आपलं बुद्रुक आणि खुर्द. सुळगाही दोन, एक उचगावकडचा आणि एक येळ्ळूरकडचा. म्हणून लोक कंसात उ. किंवा ये. लिहितात. ते अक्षर गाळलंत तर अर्ज भलत्याच गावात जाऊन बसतो. दुसरा सापळा नव्या तालुक्यांचा. २०१८ च्या सुमारास निपाणी चिकोडीतून, कागवाड अथणीतून, कित्तूर बैलहोंगलमधून आणि मुडलगी गोकाकमधून वेगळे झाले. निपाणीकडच्या माणसाच्या जुन्या खरेदीखतावर 'ता. चिकोडी' असेल आणि आजच्या उताऱ्यावर 'ता. निपाणी'. दोन्ही बरोबर. कारकुनाने शंका काढली तर घाबरू नका, तालुका बदलल्याचं सांगा.

जिल्ह्याचं नाव सरकारी कागदांत बेळगावचं बेळगावी झालं ते १ नोव्हेंबर २०१४ पासून. त्याआधीच्या कागदांवर जुनं नाव आहे म्हणून ते बाद होत नाहीत.

२. शिवार पायाखाली घाला

नकाशा हातात घेण्याआधी एकदा घरच्या जाणत्या माणसाबरोबर शिवेवरून फिरून या. ओढा कुठून येतो, गायरान कुठलं, स्मशानाची जागा कुठे, गाडीवाट कुणाच्या बांधावरून जाते. पुढे भांडणं होतात ती नेमकी या चार गोष्टींवरून.

बेळगाव जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला खानापूर तालुक्यात सह्याद्री आहे: कणकुंबी, जांबोटी, भीमगडचं रान. पाऊस धो धो, जमीन तांबडी, पीक भाताचं, आणि काजू. मध्ये बेळगावचं पठार. येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या शिवारातला बासमती एके काळी नावाजलेला. पूर्वेला सौंदत्ती-रामदुर्गकडे गेलात की काळी जमीन, ज्वारी, कापूस आणि पावसाची वाट बघणं. उत्तरेला निपाणी-चिकोडीत तंबाखू आणि ऊस, वेदगंगा-दूधगंगेचं पाणी. म्हणून चिकोडीच्या पाहुण्याने दिलेला शेतीचा सल्ला खानापुरात जसाच्या तसा लावू नये.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला वाहत कूडलसंगमापाशी कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जातं. म्हादई त्याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यातून दोन समुद्रांना पाणी. म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचा वाद तिथूनच निघाला. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, आणि गोव्याला ते अजून मान्य नाही. तुमचं शेत त्या बाजूला असेल तर कालवा, भूसंपादन आणि वनखात्याची हद्द, तिन्हींची चौकशी जमीन घेण्याआधी करा. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. आतल्या आणि लगतच्या गावांत रस्ता, वीजवाहिनी, बांधकाम कशालाही वनखातं आडवं येऊ शकतं.

दिशांक ॲप इथे फार उपयोगी. शेतात उभं राहून ते उघडलं की पायाखालचा सर्व्हे नंबर दाखवतं. पण ते फक्त अंदाजासाठी. बांध कुणाचा हे मोजणीदार ठरवतो, फोन ठरवत नाही. फोन नाचवत शेजाऱ्याच्या दारात जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे संबंध अजून सुधारलेले नाहीत. गावाचा महसुली नकाशा भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो, तो छापून वहीत चिकटवा.

एक व्यवहारी सूचना: जूनमध्ये धूळवाफ पेरणी आणि जुलैत रोप लावणी चालू असताना शिवार दाखवायला कुणी रिकामं नसतं. सुगी झाल्यावर फिरा. बांधही तेव्हाच दिसतात.

३. इतिहास शिका, पण दप्तराच्या अंगाने

इतिहासाची हौस असो वा नसो, चार-पाच सनावळ्या पाठ हव्यात. तुमचा जुना कागद कुठल्या कचेरीत, कुठल्या भाषेत आणि कुठल्या लिपीत सापडेल हे त्यांच्यावरून कळतं.

मागचा पल्ला मोठा आहे. हलशी ही कदंबांची राजधानी होती, तिथलं भूवराह-नरसिंहाचं मंदिर आजही उभं आहे. सौंदत्तीच्या रट्टांनी पुढे राजधानी वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आणली. किल्ल्यातली कमल बस्ती त्यांच्या काळातली. मग देवगिरीचे यादव, बहामनी, आदिलशाही, मराठे. कागदांच्या कामाला उपयोगी काळ सुरू होतो तो १८१८ पासून, पेशवाई संपून इंग्रज आले तेव्हापासून. १८२४ मध्ये कित्तूरला राणी चन्नम्मांनी इंग्रजांना तोंड दिलं. त्यांचे शिलेदार संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिली. नंदगड खानापूर तालुक्यातच आहे, समाधी पाहून या. धारवाडचा उत्तर भाग तोडून बेळगाव जिल्हा झाला १८३६ मध्ये.

तेव्हापासून १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून कोल्हापूरला जोडला. त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ मध्ये. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा केला तो २००४ मध्ये. सीमाप्रश्नाबद्दल गावात प्रत्येकाचं मत आहे, घरटी एक आठवण आहे, आणि नवख्याने त्यात ऐकण्याचं काम करावं. कचेरीच्या खिडकीवर मात्र तो विषय काढू नका. समोरच्या कारकुनाच्या हातात ना खटला असतो ना निकाल, आणि तुमचा अर्ज मात्र त्याच्या हातात असतो.

आता याचा कागदांशी संबंध. १९५६ च्या आधीचे बरेच कागद मराठीत, त्याहून जुने मोडीत. नंतरचे हळूहळू कन्नडमध्ये. म्हणजे एकाच शेताची साखळी जोडायला मोडी वाचणारा, मराठी वाचणारा आणि कन्नड वाचणारा असे तिघे लागतात. मोडी वाचणारे कमी उरलेत. तहसील कचेरीच्या आवारातले जुने दस्तलेखक किंवा बेळगावातले वकील माणूस सुचवतात. लिप्यंतर करून घेताना मूळ कागद सोडून जाऊ नका, फोटो काढून द्या.

आणखी एक गोष्ट विचारा: आपलं गाव इंग्रजी अमलात होतं की संस्थानात? बेळगावला चिकटलेलं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानाचं होतं, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान होतं. संस्थानी किंवा इनाम गावांचं जुनं दप्तर खालसा (थेट इंग्रजी अमलातल्या) गावांसारखं एका जागी लागेलच असं नाही. वतनाचंही तसंच. पाटीलकी-कुलकर्णीपणाची वतनं १९६१ च्या कायद्याने गेली आणि जमिनी रीग्रँट झाल्या, म्हणजे सरकारी आदेशाने पुन्हा दिल्या गेल्या. तुमच्या घरची जमीन त्यातली असेल तर रीग्रँटचा आदेश शोधून जपून ठेवा, विकताना पहिला प्रश्न त्याचाच येतो. कुळाची जमीन असेल तर १ मार्च १९७४ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून इथे कुळवहिवाट संपली, आणि ज्यांनी फॉर्म ७ (कुळाचा अर्ज) भरून जमीन लवादाकडून फॉर्म १० (मालकीचा दाखला) मिळवला ते मालक झाले. फॉर्म १० हरवलेली घरं पुष्कळ आहेत. त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख विभागात मागता येते.

४. पंचायत: कुणाला काय विचारायचं

महाराष्ट्रातून आलेल्यांनी आधी सरपंच हा शब्द विसरावा. इथे ग्रामपंचायतीला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असतात. लोक सदस्य निवडतात, सदस्य अध्यक्ष निवडतात. पद आरक्षणाच्या फेरीने मिळतं आणि अडीच वर्षांनी बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षी ज्यांच्या घरी गेलात तेच अजून अध्यक्ष आहेत असं धरून चालू नका. निम्म्या जागा बायकांच्या. अध्यक्षा बाई असतील तर त्यांनाच भेटा, त्यांच्या यजमानांना नव्हे. सही त्यांची लागते. निवडणुकीत पक्षाची चिन्हं नसतात. गट मात्र असतात, ते तुम्हाला आठवडाभरात कळतील.

कामाचा माणूस म्हणजे पीडीओ, पंचायत विकास अधिकारी. आपल्याकडच्या ग्रामसेवकाच्या जागी. ठराव, बांधकाम परवानगी, घराचा उतारा, पाणी, दिवे सगळं त्यांच्या सहीने. कधी कधी एका पीडीओकडे दोन पंचायतींचा भार असतो, म्हणून ते कुठल्या वारी कुठे बसतात ते विचारून घ्या. रोजच्या गरजेसाठी मात्र बिल कलेक्टर आणि वॉटरमन यांची ओळख जास्त मोलाची. पाणी कधी सुटणार हे पीडीओलाही वॉटरमनच सांगतो.

वर तालुका पंचायत आणि जिल्हा पंचायत. २०१६ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका लांबत गेल्या. अशा वेळी तिथे अधिकाऱ्यांचाच कारभार असतो. तक्रार करायची तर तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्याकडे, म्हणजे ईओकडे.

वीज पंचायतीकडे नाही, हेस्कॉमकडे. लाईनमनचा नंबर शेजाऱ्यांकडून घ्या. खानापूर गाव, म्हणजे तालुक्याचं ठिकाण, ग्रामपंचायतीत येत नाही. तिथे नगरपंचायत आहे आणि तिचे नियम निराळे.

५. तलाठी आणि नाडकचेरी

पंचायत आणि महसूल ही दोन वेगळी घरं आहेत. पंचायतीला घर, गल्ली, गटार, पाणी. महसुलाला जमीन, जात, उत्पन्न, रहिवास. गावात ज्याला तलाठी म्हणतात त्याचं सरकारी नाव बदलत आलंय, आता ग्राम आडळित अधिकारी. तुम्ही तलाठीच म्हणा, सगळ्यांना कळतं. त्याच्या वर सर्कल, मग तहसीलदार, मग प्रांत.

जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी दाखला होबळीच्या नाडकचेरीतून मिळतो. अर्ज तिथे, किंवा गावातल्या 'ग्राम वन' (इंग्रजी One) सेवा केंद्रातून, किंवा पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रातून. पोचपावती मागून घ्याच. सकाल कायद्याखाली (सरकारी सेवा ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा) येणाऱ्या सेवांच्या पावतीवर पंधरा आकडी क्रमांक असतो, त्यावर काम किती दिवसांत व्हायला हवं ते ठरलेलं असतं. 'उद्या या' म्हणणाऱ्याला तो क्रमांक शांतपणे वाचून दाखवला की बहुधा उद्या लागत नाही.

लग्न होऊन आलेल्यांसाठी: महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथल्या सवलतींना चालत नाही. माहेरचा दाखला जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर इथला अर्ज भरू नका. आधी नाडकचेरीत विचारा. मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म ८ भरायचा. नवा फॉर्म ६ भरलात तर नाव दोन ठिकाणी लागतं.

६. घराचा उतारा

घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. हे तीनदा लिहिलं तरी कमी आहे.

गावातल्या घर-जागेचे उतारे ई-स्वत्तू या संगणक प्रणालीतून निघतात. फॉर्म ९ आणि फॉर्म ११ ए ही जोडी मिळाली तर जागा नियमात आहे असं समजा: गावठाणातली, किंवा रीतसर एनए (बिगरशेती) होऊन लेआउट मंजूर झालेली, किंवा सरकारी घरकुल योजनेतली. फॉर्म ११ बी ही वेगळी गोष्ट. ती जागा पंचायतीच्या यादीत आहे, कर भरला जातो, पण वरच्या नियमांत ती बसलेली नाही. बँकेत गेल्यावर हा फरक कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

जुन्या गावठाणातली घरं बहुधा आजोबांच्या नावावर असतात आणि चारही बाजूंच्या मापांचा मेळ नसतो. फॉर्म ९ काढायचा तर मोजणी लागते. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झालेल्या गावांत मिळकतपत्रिका निघतात. तुमच्या गावाची झाली आहे का ते पीडीओला विचारा. मोजणीच्या दिवशी घरी हजर राहा आणि शेजाऱ्यांनाही बोलावून घ्या. गैरहजेरीत गेलेला कोपरा परत आणणं फार अवघड.

बेळगाव शहरालगत प्लॉट घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँडवर (नोंदणी न करता स्टॅम्प पेपरवर) विकायची रीत इकडे जुनी आहे. दलाल सांगतो, "सगळ्यांनी असंच घेतलंय." घेतलंय खरं, आणि ते सगळे अजून उताऱ्यासाठी फेऱ्या मारतायत. एनए आदेश, मंजूर लेआउट, फॉर्म ९ आणि ११ ए, आणि बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीतलं गाव असेल तर बुडाची मंजुरी, एवढं पाहिल्याशिवाय इसारही देऊ नका. २००४ नंतरची ईसी (मिळकतीवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून काढता येते. त्याआधीची उपनिबंधक कचेरीत मागावी लागते.

७. शेतीचा उतारा

इथला उतारा म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये पहाणी. सातबारा आणि आठ-अ असे दोन कागद नसतात. भूमी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा भरला की दिसतो. मध्ये सर्नोक नावाचा रकाना येतो, तिथे बहुधा फक्त चांदणीचं चिन्ह असतं. ते निवडून पुढे जा.

सुरुवातीला सगळे रकाने वाचायची गरज नाही. तीन वाचा. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, दहाव्यात ते नाव कुठल्या फेरफाराने लागलं त्याचा नंबर, अकराव्यात कर्ज, बोजा आणि इतर हक्क. अकरावा रकाना न वाचता जमीन घेणारा माणूस सोसायटीचं कर्जही विकत घेतो. भूसंपादनाची नोंदही तिथेच सापडते.

क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत असतं: सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. महाराष्ट्रातल्या हेक्टर-आरची सवय असेल तर बेरीज करताना जपून. त्याच्या आसपास खराब क्षेत्र लिहिलेलं असतं. 'अ' खराब म्हणजे नापीक. 'ब' खराब म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशी सार्वजनिक वापराची जागा, ती तुमच्या विक्रीच्या हिशेबात धरायची नाही.

वारसा लावायचा तर मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागते. वंशावळीचा दाखला नाडकचेरीतून. मग अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत आणि शेवटी फेरफार. यात सर्वांत जास्त खोळंबा कशाने होतो? बहिणींची नावं गाळल्याने. "त्यांना काय करायचंय, त्या सासरी सुखी आहेत" हे वाक्य मी बऱ्याच ओसऱ्यांवर ऐकलं आहे. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती १९९४ मध्येच आली, देशभर ती झाली २००५ मध्ये. बहिणींची नावं लावा. त्यांना हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. गाळलेल्या बहिणीने उद्या हरकत घेतली तर दोष तिचा नाही.

भाऊबंदकीत वाटणी झाली तरी उतारा सामाईकच राहिलेला असतो. हिस्सा वेगळा करायला पोडी, आणि जमिनीचा तुकडा विकायचा तर ११ ई नकाशा लागतो. दोन्हींसाठी मोजणीचा अर्ज करावा लागतो आणि दोन्हींना वेळ लागतो. मुलीच्या लग्नाच्या तोंडावर जमीन विकायला काढू नका, एवढंच सांगते.

बिगरशेतकऱ्याला जमीन घ्यायला मनाई करणारी ७९ ए आणि ७९ बी ही कलमं २०२० मध्ये काढली गेली. त्यामुळे पूर्वीचा तो अडसर राहिलेला नाही. गावातल्या जुन्या माणसांना मात्र जुनाच कायदा पाठ असतो.

८. कन्नड कागदाला कसं तोंड द्यायचं

भाषा यायला वर्षं लागतात, अक्षरं ओळखायला आठवडा पुरतो. वर्णक्रम आपलाच आहे, क-ख-ग-घ. आधी दहा अंक शिका, कारण जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तेच असतात. मग तुमचं नाव, सासऱ्यांचं नाव, गावाचं नाव ओळखता येईल एवढं करा. इतक्यावर निम्म्या चुका स्वतःला पकडता येतात.

आणि चुका असतातच. उताऱ्यावर बहुधा नाव आणि वडिलांचं नाव असतं, आडनाव गायब. कल्लाप्पाचा कल्लप्पा, परशरामचा परसराम. आधारवर इंग्रजीत तिसरंच काही. बँकेत किंवा उताऱ्याला आधार जोडताना हे अडतं. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पण कायमचा इलाज म्हणजे नावदुरुस्तीचा अर्ज.

न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, कितीही ओळखीच्या माणसाने पुढे केला तरी. पंचनामा असेल तर वाचून दाखवायला सांगा आणि सहीच्या वर मराठीत लिहा: 'मजकूर मराठीत समजावून सांगितला.' याला कुणी हरकत घेतली तर तो कागद घरी आणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ झाली आहे असं समजा. दुकान टाकणार असाल तर पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. २०२४ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे, पाटी रंगवायला देण्याआधीच लक्षात घ्या.

९. ग्रामसभा आणि गावकी

ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी, तिच्याआधी वॉर्डसभा. घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावं वॉर्डसभेत पुढे येतात, म्हणून मोठ्या सभेला नटून जाण्यापेक्षा या लहान सभेला वेळेवर जा. ऑगस्ट-सप्टेंबरात पंचायतीची जमाबंदी असते. वर्षभर पैसा कुठे गेला हे तिथे विचारता येतं. विचारणारे थोडे असतात. तोंडी प्रश्न हवेत जातो, म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवस मुदत.

गावकीसाठी अर्ज नसतो. पंच कमिटीने वार पाळणूक जाहीर केली की ठरलेल्या वारी शेतातली कामं बंद, आणि काही गावांत इतरही बंधनं. तुम्ही मानता की नाही हा प्रश्न नाही; त्या दिवशी ट्रॅक्टर किंवा गवंडी बोलावलात तर गाव वर्षभर लक्षात ठेवतं. घराचं काम काढण्याआधी पंचांपैकी कुणाला तरी विचारा. मोठी लक्ष्मी यात्रा काही गावांत बऱ्याच वर्षांनी एकदा येते. त्या वर्षी पट्टी, पाहुणे आणि रंगरंगोटीचा खर्च ठरलेला, आणि गवंडी-सुतार कुणालाच मिळत नाहीत. यात्रा कुठल्या साली आहे ते आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर, होबळीच्या खाली लिहून ठेवा.